केकताडाचा वाख आणि हातोड्याचा घाव

सोलापूर जिल्ह्यात बांधाबांधावर केकताड उभं दिसतं. पुस्तकातलं नाव घायपात, मूळ गाव मेक्सिको. त्याची पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, धुऊन वाळवायची, की पांढुरका वाख हाती येतो. बेंदराला बैलांचा नवा कासरा, नवं दावं याच वाखाचं वळलं जायचं. आता नायलॉनने त्याला बाजारातून जवळपास उठवलंय.

हाच वाख रेझिन नावाच्या चिकट द्रवात बसवून तो द्रव घट्ट केला की कॉम्पोझिटची कडक पाटी होते. चिखलात भुसा कालवून भिंत लिंपणाऱ्याला हे तत्त्व नवं नाही. अशा पाट्यांत एरवी काचतंतू घालतात; त्याचा एक घनसेंटिमीटर सुमारे २.५ ग्रॅम भरतो, वाखाचा १.५ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे मोटारींच्या दारांना आतून लावायच्या पॅनेलांत जवस, घायपात असे तंतू शिरले.

पण दाराला धडक बसली तर?

ओढ सोसणं वेगळं, घाव सोसणं वेगळं. घावाची परीक्षा लंबकाने होते. जड लंबक वरून सोडायचा. पाटीचा तुकडा मोडून तो पलीकडे जितका कमी चढेल, तितकी जास्त ऊर्जा तुकड्याने खाल्ली. १९८७ साली तिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी पॉलिस्टर रेझिनमध्ये चार तंतू घालून असे घाव मोजले. घायपात पहिला आला, मग अननस, मग केळ, शेवटी काथ्या. सगळ्यांत जास्त ताणला जाणारा काथ्याच तळाला! कारण पिळात आहे. तंतूच्या आत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे दोरीसारखे तिरके वळलेले असतात. काथ्यात हा तिरकेपणा ४० अंशांच्या पुढे, म्हणून तो लांबतो पण जोर धरत नाही. घायपातात तो २० अंशांच्या आसपास: थोडा ताण, भरपूर जोर.

मोडलेल्या कडेला भिंग लावलं तर दाढीच्या खुंटांसारखे तंतू बाहेर आलेले दिसतात. रेझिनमधून उपसून निघताना घासाघाशीत घावाची ऊर्जा जिरते. गंमत अशी की कॉस्टिक सोड्याने वाख धुतला तर रेझिनची पकड घट्ट होते, ओढीची ताकद वाढते, पण पाटी घावाला पुष्कळदा कच्ची पडते; तंतू उपसण्याऐवजी जागच्या जागी तुटतो.

हलका घाव तर जास्तच फसवा. वर बारीक खळगा, मागे मात्र तडा आणि सुटलेले थर. नाण्याने टिचकी मारली की टणक आवाजाऐवजी बद्द येतो. शिवाय वाख पाणी पितो, फुगतो आणि रेझिनपासून सुटायला लागतो.

याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्यात कंदरच्या बाजूला केळीचे घड उतरले की बुंधे बांधावर टाकले जातात. १९८७च्या त्या परीक्षेत काथ्याला मागे टाकणारा तंतू त्यांच्यातच असतो.