नकोसा पाहुणा, पण पोसावा लागतो

गेल्या पावसाळ्यात आमच्या चार वर्षांच्या लेकीला जुलाब लागले. दोन दिवसांत थांबतील असं वाटलं, पण आठवडा उलटला तरी थांबेनात. आईची भाताची पेज झाली, ओआरएस झालं. शेवटी स्टूल टेस्ट केली आणि रिपोर्टवर एक जीभ अडखळवणारं नाव आलं : क्रिप्टोस्पोरिडियम.

डॉक्टर म्हणाले, "यावर एकच मान्यताप्राप्त औषध आहे, नायटाझोक्सानाइड. धडधाकट मुलांना लागू पडतं. कुपोषित मुलांना फारसं नाही."

लेक बरी झाली, पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. आम्ही साकेत नगरात राहतो, एम्सच्या हाकेच्या अंतरावर. दूरदूरच्या गावांतून कडेवर मूल घेऊन आलेल्या आया गेटबाहेर रोज दिसतात. त्यांच्या मुलांसाठी दुसरं औषध का नाही?

उत्तर शोधताना मला माझाच धंदा आठवला. जो बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून आणता येत नाही, तो दुरुस्तही करता येत नाही. इथेही नेमकी तीच अडचण होती.

हा एकपेशीय परजीवी टायझर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये उंदरात शोधला. माणसात तो पहिल्यांदा दिसला १९७६ मध्ये. बरेच जिवाणू बशीत खाद्य घातलं की वाढतात. हा मात्र आतड्याच्या जिवंत पेशीत घर करतो आणि तिच्याच जिवावर जगतो. म्हणजे त्याला वाढवायचं तर आधी पेशी वाढवायला हव्यात. त्यासाठी माणसाच्या आतड्याच्या कर्करोगातून मिळालेल्या, सतत वाढत राहणाऱ्या एचसीटी-८ नावाच्या पेशी वापरतात. परजीवी त्यांत शिरतो, दोन-तीन दिवस वाढतो आणि मग खुंटतो. रोग पुढे पसरवणारी त्याची टणक कवचाची बीजं, म्हणजे ऊसिस्ट, तिथे नीट तयारच होत नाहीत. त्यामुळे ऊसिस्ट हवे असले की नवजात वासरांना लागण करून मिळवावे लागत.

वाट निघाली ती वेगळ्याच संशोधनातून. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या मूळपेशींपासून इवलंसं आतडं वाढवून दाखवलं. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. २०१८ मध्ये मानवी पेशींच्या अशा इवल्या आतड्यात या परजीवीचं पूर्ण जीवनचक्र पार पडलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या आतड्याच्या पेशींचा पातळ थर वाढवला, खाली पोषक द्रव आणि वर हवा. त्यातून नवे, लागण करू शकणारे ऊसिस्ट मिळाले. खऱ्या आतड्यासारखं घर मिळालं, तेव्हा कुठे पाहुणा रमला! आता तो कोणत्या टप्प्यावर अडवता येईल, कोणतं रसायन त्याला मारेल, हे काचेखाली तपासता येतं.

हे महत्त्वाचं का? कोलकात्यासह ७ देशांत २००७ ते २०११ या काळात बालकांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. एक वर्षाखालच्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसनंतर याचाच क्रमांक लागला. रोटाव्हायरसची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०१६ पासून आली. याच्यावर अजून लस नाही.

तोवर राखण आपल्याच हाती आहे. पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला हा दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते. पाणी खळखळ उकळून किमान एक मिनिट तसंच ठेवलं की तो मरतो. सॅनिटायझर त्याच्यावर चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. आणि मुलाचे जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे त्याला स्विमिंग पूलमध्ये नेऊ नका.

हे सगळं लेकीला सोपं करून सांगितलं, तर तिने विचारलं, "बाबा, त्या वाईट किड्याला घर का बांधून देतात?"

म्हटलं, "तो घरात काय काय करतो, ते बघायला. म्हणजे मग त्याला घालवता येतं."

तिला पटलं. आता उकळलेल्या पाण्याचा पेला ती कुरकुर न करता घेते.