विमानांतील ऊब आणि तिच्या शेजारचें विष

गोराईच्या किनाऱ्यावर पौषांतल्या पहाटेसहि अंगावर एक शाल पुरते. थंडी म्हणजे काय, तें मुंबईकराने महाबळेश्वरीं जाऊन पाहावें अशी समजूत आहे. परंतु थंडीसाठीं इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. ती गोराईच्या डोक्यावरच आहे. दर हजार फुटांस हवा सरासरीनें दोन अंशांनीं थंड होते. किनाऱ्यावर १८ अंश असतील, तर आठ हजार फुटांवर उणेपुरे दोन अंशच राहतात.

ही थंडी मुंबईच्या वैमानिकांना जुनी आहे. गोराईच्या दक्षिणेस, याच किनाऱ्यालगत, जुहूचें विमानतळ आहे. तेथें १९२८ पासून हौशी मंडळी उड्डाण शिकूं लागली. त्या काळच्या शिकाऊ विमानांत वैमानिक बहुधा उघड्यावरच बसे. कातडी अंगरखा आणि लोकरीचे कपडे हाच त्याचा आसरा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन जुहूस उतरले, तें पस मॉथ विमान मात्र बंद केबिनीचें होतें. बंद केबिनीनें वारा अडतो. पण ऊब आणावी कोठून?

ती एंजिनांतच वायां जात असते. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं जेमतेम एक तृतीयांश पंखा फिरविण्याच्या कामीं येते. उरलेलीपैकीं बराच भाग धुराबरोबर बाहेर पडतो. म्हणून लहान विमानांत धुराच्या वाटेवरील सायलेन्सरभोंवतीं पत्र्याचें एक वेष्टण बसवितात. विमानाच्या नाकाडांतून आलेली स्वच्छ हवा या दोन पत्र्यांमधून वाहते, तापते आणि नळीनें केबिनींत येते. वैमानिकानें एक मूठ ओढली कीं झडप उघडते आणि पाय शेकूं लागतात. वेगळें इंधन लागत नाहीं, वेगळी भट्टी लागत नाहीं.

युक्ति सुंदर आहे; पण तिच्यांत एक भय दडलेलें आहे. आंत धूर, बाहेर श्वासाची हवा आणि मध्यें केवळ पातळ पोलादी पत्रा! हा पत्रा प्रत्येक उड्डाणांत लाल होईपर्यंत तापूं शकतो, पुन्हां निवतो आणि सारा वेळ हादरत असतो. कालांतरानें त्यास भेग पडली तर धूर ऊबेबरोबरच आंत येतो. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरतें. मग डोकें दुखतें, ग्लानि येते. आणि ज्या बुद्धीनें धोका ओळखावयाचा, तीच आधीं मंदावते.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्रीं फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना नेणारें एका एंजिनाचें पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. त्यांच्या रक्तांतील ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूनें व्यापलेलें आढळलें. वैमानिकासहि त्याची बाधा झाली असावी, असें ब्रिटिश चौकशी अहवालानें २०२० सालीं नमूद केलें.

उपाय अवघड नाहींत. वेष्टण काढून सायलेन्सर तपासावा. त्यांत हवेचा दाब देऊन वरून साबणाचें पाणी फिरविलें कीं भेगेपाशीं बुडबुडे येतात. या वायूनें काळवंडणारी टिकली केबिनींत लावतात खरी. परंतु तिच्याकडे पाहण्याइतकी शुद्ध वैमानिकास उरली पाहिजे! म्हणून आवाज करून सावध करणारें विजेचें यंत्र अधिक चांगलें. शंका येतांच हीटर बंद करावा, बाहेरची हवा आंत घ्यावी आणि जवळच्या धावपट्टीवर उतरावें. थंडीनें कुडकुडणारा वैमानिक विमान उतरवूं शकतो, गुंगलेला नाहीं.

ही गोष्ट केवळ वैमानिकांची नव्हे. बंद न्हाणीघरांतील गॅसचा गीझर आणि दारें लावून पेटविलेली कोळशाची शेगडी हींहि, हवा अपुरी पडली म्हणजे, हाच वायु सोडतात. तेथें सायलेन्सर नाहीं, वेष्टण नाहीं आणि मध्यें पत्राहि नाहीं. गीझरचा धूर नळीवाटे घराबाहेर जावा आणि शेगडी पेटतांना खिडकी उघडी असावी. तेवढ्यानें येणारा गारवा सोसण्याजोगा असतो.