जुन्या मोटारघरांतील टेलिव्हिजन आणि छतावरील अँटेना

चाकांवर संसार थाटून गांवोगांव हिंडणाऱ्या कुटुंबांची अमेरिकेंत उणीव नाहीं. निजावयास पलंग, स्वयंपाकाची शेगडी, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी हें सारें ज्या गाडींत एका छताखालीं असतें, तिला तेथें ‘आर. व्ही.’ म्हणतात, मराठींत तिला मोटारघर म्हटलें तर चालण्यासारखें आहे. सुटीपुरतें असें मोटारघर भाड्यानें घेणारे पुष्कळ. परंतु नोकरींतून निवृत्त झाल्यावर राहतें घर विकून बाराहि महिने त्यांतच राहणारीं जोडपींहि थोडीं नाहींत. त्यांपैकीं अनेकांची गाडी वीस-पंचवीस वर्षांची जुनी असते. इंजिन धडधाकट असतें, लांकूडकामहि बरें असतें. टेलिव्हिजनची व्यवस्था मात्र अशा काळांतली असते कीं, तो काळ आतां कायमचा संपला आहे.

तो संपल्याची तारीखहि नेमकी सांगतां येते. १२ जून २००९ रोजीं अमेरिकेंतील पूर्ण शक्तीच्या टेलिव्हिजन केंद्रांनीं ॲनालॉग पद्धतीचें प्रक्षेपण बंद केलें आणि डिजिटल पद्धत तेवढी शिल्लक राहिली. लहान शक्तीच्या केंद्रांस मुदत मिळत गेली, ती १३ जुलै २०२१ ला संपली. शेजारच्या कॅनडांत मोठ्या शहरांपुरता हा पालट ३१ ऑगस्ट २०११ रोजीं झाला. त्यामुळें २००० सालच्या मोटारघरांत चालकाच्या डोक्यावरील कपाटांत बसविलेला कांचनळीचा वजनदार संच आज चालू केला, तर त्याला समजेल असें आकाशांत जवळजवळ कांहींच उरलेलें नाहीं. मध्यें रूपांतर करणारी पेटी जोडली तरच तो बोलूं लागतो. त्या संक्रमणकाळांत अशा पेटीसाठीं सरकारनें ४० डॉलरचीं कुपनें, एका घरास दोन या प्रमाणांत, वांटलीं होतीं.

साहजिकच मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो नवा सपाट संच आणण्याचा. संच येतो, कपाटांत बसतो, आणि चॅनेल शोधावयास लावला कीं दोन-तीन केंद्रें दाखवून गप्प राहतो; कधीं एकहि दाखवीत नाहीं. मग दोष संचाला दिला जातो. वस्तुतः खोट बहुधा वर छतावर किंवा भिंतीआडच्या केबलींत असते. दुरुस्तीचा क्रम छतावरून खालीं असावा आणि संचाची खरेदी सर्वांत शेवटीं यावी, ही साधी गोष्ट लक्षांत न घेतल्यामुळें पुष्कळ पैसा वायां जातो.

मोबाइल आणि इंटरनेट यांच्या दिवसांत हा खटाटोप कशाला, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर करमणुकींत नाहीं, हवामानांत आहे. ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या मैदानी राज्यांत वसंत ऋतूंत चक्रवाती वादळें उठतात. अशा वेळीं मोटारघर हा आसरा नव्हे. तें सोडून पक्क्या इमारतींत जावें लागतें, आणि त्यासाठीं हाताशीं मिनिटें मोजकीं असतात. स्थानिक टेलिव्हिजन केंद्रें त्या वेळीं इतर सर्व कार्यक्रम बाजूस सारून वादळ कोणत्या परगण्यांतून कोणत्या दिशेनें सरकत आहे, तें नकाशावर दाखवीत राहतात. एकाद्या सरोवराकांठच्या तळावर मोबाइलचा संकेत क्षीण असला, तरी या लहरी तेथवर पोंचूं शकतात. हवामानखात्याचा स्वतंत्र रेडिओ आहेच आणि तो जवळ ठेवावाच. पण डोळ्यांपुढच्या नकाशाची सर त्याला नाहीं. मात्र परक्या राज्यांतून आलेल्या प्रवाशानें आपली गाडी ज्या परगण्यांत उभी आहे त्याचें नांव आल्याआल्या विचारून ठेवलें पाहिजे. तें ठाऊक नसेल तर सारा नकाशा व्यर्थ.

आतां छताकडे वळावें. जुन्या मोटारघरांवर बहुतेक करून एकच प्रकारचा अँटेना आढळतो: आयोवा राज्यांतील बर्लिंग्टन येथील वाइनगार्ड कंपनीचा ‘सेन्सार’. त्याचे दोन पसरट बाहू पाहून लोकांनीं त्याला वटवाघळाचे पंख असें नांव ठेवलें आहे. गाडींतून हँडल फिरविलें कीं तो वर उचलला जातो आणि खालची कडी फिरविली कीं त्याचें तोंड हव्या त्या दिशेस वळतें. दुकानांत ‘डिजिटल अँटेना’ अशी चिठ्ठी लावून नवे अँटेने विकले जातात आणि जुना काढून टाकावा असा सल्लाहि मिळतो. या चिठ्ठीला फारसा अर्थ नाहीं. अँटेना लहरी पकडतो. त्या लहरींवर चित्र जुन्या रीतीनें लादलें आहे कीं आंकड्यांच्या रूपानें, याची त्याला दादहि नसते. त्याला कळते ती लहरीची लांबी.

आणि लांबीच्या बाबतींत मात्र खरोखरच बदल घडला आहे. अमेरिकेंत ७ ते १३ क्रमांकांचीं चॅनेलें १७४ ते २१६ मेगाहर्ट्झवर असतात. त्यांच्या लहरी सुमारें दीड मीटर लांब. १४ व्या क्रमांकापासून वरचीं चॅनेलें ४७० मेगाहर्ट्झच्या पुढें लागतात आणि त्यांच्या लहरी अर्ध्या मीटरच्या आसपास येतात. हीं वरचीं चॅनेलें पूर्वीं ६९ पर्यंत जात. २००९ नंतर तीं ५१ पर्यंतच राहिलीं आणि २०१७ मध्यें संपलेल्या लिलावांत आणखी मोठा भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला. केंद्रांचें स्थलांतर जुलै २०२० मध्यें पुरें झालें तेव्हां उरलीं तीं ३६ पर्यंतचीं. डिजिटल झालेलीं पुष्कळ केंद्रें या आंखूड लहरींकडे गेलीं. रुंद पंखांचा जुना अँटेना लांब लहरी उत्तम पकडतो, आंखूड लहरींच्या बाबतींत थोडा कमी पडतो. म्हणून त्याच कंपनीनें ‘विंगमन’ नांवाची एक लहानशी जोड काढली. ती जुन्या पंखांस बसविली कीं आंखूड लहरी अधिक जोरानें सांपडतात. ज्याचा अँटेना शाबूत आहे त्याला एवढा खर्च पुरेसा होतो.

याच्या उलट, लहान पेटीसारखे किंवा वाटोळे घुमटाकार अँटेने दिसावयास नीटस असतात. घुमटाला उचलावें लागत नाहीं, वळवावेंहि लागत नाहीं. पण जो सर्व दिशांचें ऐकतो, त्याला एका दिशेचें ऐकूं कमी येतें. शिवाय दीड मीटरच्या लहरीला वीतभर घुमट अपुरा पडतो. सगळींच केंद्रें आंखूड लहरींकडे गेलेलीं नाहींत. न्यूयॉर्कचें डब्ल्यू-ए-बी-सी हें प्रमुख केंद्र २००९ च्या त्या जून महिन्यांत आपल्या जुन्या ७ क्रमांकाच्या जागीं परत आलें. असें केंद्र घुमटावर अडखळावें आणि गंजत चाललेल्या जुन्या पंखांवर स्वच्छ दिसावें, यांत नवल नाहीं.

अँटेना उंच कां करावयाचा, याचाहि हिशेब मनोरंजक आहे. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईआड लपलेल्या मनोऱ्यापुढें हतबल होतात. पुण्याच्या गच्च्यांवरील अँटेने सिंहगडाकडे तोंड करून कां उभे असत, हें ज्यांना आठवतें त्यांना निराळें सांगावयास नको. ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याचें क्षितिज सुमारें ७१ किलोमीटरांवर, तर ४ मीटर उंचीवरील अँटेनाचें सुमारें ८ किलोमीटरांवर. म्हणजे सपाट मुलुखांत दोघांची गांठ ८० किलोमीटरांपर्यंत पडावी. एक मीटरनें खालीं आला तर एकच किलोमीटर घटतो. तेव्हां उचलण्याचा मुख्य लाभ क्षितिज वाढण्यांत नाहीं. गाडीचें स्वतःचें धातूचें छत, वातशीतक यंत्राची पेटी आणि शेजारच्या गाड्या यांच्यावर डोकें काढण्यांत आहे.

यानंतर येते ती सर्वांत दुर्लक्षित वस्तु. जुन्या अँटेनाच्या डोक्यांत एक लहान ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला लागणारी १२ व्होल्टची वीज त्याच केबलींतून वर जाते, जिच्यांतून चित्र खालीं येतें. ती वीज सोडणारें बटण संचाजवळच्या भिंतींतील पट्टीवर असतें. त्याच्याशेजारीं एक बारीक दिवा लागतो. हें बटण चुकून बंद राहिल्यामुळें ‘अँटेना बिघडला’ असा निकाल कितीदां दिला गेला असेल, याची गणती नाहीं. बटण बंद असतां ही पट्टी बहुधा तळावरून मिळणाऱ्या केबलचा मार्ग मोकळा करते आणि अँटेनाचा अडविते. दिवा लागतो म्हणून वीज वर पोंचली असेंहि समजूं नये. छतावर जाऊन केबलचें टोंक सोडावें आणि व्होल्टमीटरनें पाहावें. तेथें १२ व्होल्ट मिळाले तर केबल धड आहे; न मिळाले तर ती कोठें तरी तुटली, गंजली किंवा मध्यें कोणी दोन संचांसाठीं असा फांटा बसविला आहे कीं जो वीज पलीकडे जाऊं देत नाहीं. जुन्या गाड्यांत व्हिडिओ-यंत्र, उपग्रह आणि अँटेना यांच्यांत निवड करणारी बटणांची पेटीहि असते. तिचें काम संपलें आहे. ती काढून केबल सरळ जोडली तर चित्र सुधारलेलें पुष्कळदां आढळतें. बारीक आर-जी ५९ केबलच्या जागीं जाड आर-जी ६ ओढतां आली तर उत्तमच. शहराच्या मध्यभागीं, मनोऱ्याच्या पायथ्याशीं गाडी असेल तर मात्र ॲम्प्लिफायर अपाय करतो. प्रबळ संकेत आणखी वाढविल्यानें संच गोंधळतो.

जुन्या पद्धतींत संकेत दुबळा झाला कीं पडद्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसत आणि अँटेना वळवितां वळवितां ते कमी होत. डिजिटल चित्राला ही मधली अवस्था नाहीं. तें असतें किंवा नसतें. सीमेवर असेल तर चौकटींत फुटतें आणि गोठतें. संचाला पकड घ्यावयास कांहीं सेकंद लागतात, म्हणून कडी थोडी फिरवावी, थांबावें, संचावरील संकेताचा आंकडा पाहावा आणि पुन्हा थोडी फिरवावी. मनोरे कोणत्या दिशेस आहेत हें सरकारी संपर्क-आयोगाच्या नकाशावर आधीं पाहून ठेवलें तर निम्मे श्रम वांचतात. नव्या गांवीं प्रत्येक वेळीं चॅनेलें नव्यानें शोधावीं लागतात, तींहि अँटेना वळविल्यानंतर, आधीं नव्हे.

एवढें झाल्यावर संचाकडे यावें. जुन्या २७ इंची संचाची कांच सुमारें २१.६ इंच रुंद आणि १६.२ इंच उंच असे. नवा पडदा अधिक आडवा असतो. ३२ इंची घेतला तर उंची जवळजवळ तीच, पण रुंदी २८ इंचांच्या घरांत. तो त्या कोनाड्यांत मावत नाहीं. मावतो तो २४ इंची, आणि त्याचें चित्र जुन्यापेक्षां लहान असतें. त्यामुळें पुष्कळ लोक कोनाडा प्लायवुडनें झांकून मोठा संच त्यावर टांगतात. तेथें भिंतीच्या पातळ फळीवर विसंबूं नये. स्क्रू आंतल्या चौकटींत बसले पाहिजेत आणि संच धरणारा हात प्रवासांत कुलूपबंद राहील असा पाहिजे. कांहीं गाड्यांत किल्ली फिरविली कीं पुढच्या संचाची वीज तोडण्याची सोय मूळचीच असते. चालकाची नजर रस्त्यावर राहावी म्हणून ती आहे, तिला बगल देऊं नये.

खरा लाभ विजेचा आहे. जुना संच सुमारें १०० वॉट खाई. बॅटरीवर चालवावयाचा तर १२ व्होल्टला आठ-नऊ अँपियर लागत. २४ इंची नवा संच २५-३० वॉटांत भागतो. १०० अँपियर-तासांच्या शिशाच्या बॅटरींतून निम्मेंच घ्यावें असा दंडक आहे. तेव्हां चार तासांच्या संध्याकाळीं जुना संच त्यांतला बहुतेक वांटा एकटाच संपवी, नव्याला दहा अँपियर-तास पुरतात. थेट १२ व्होल्टवर चालणारा संच घ्यावयाचा असेल तर तो ११ पासून १४.४ पर्यंतचा चढउतार सोसतो कीं नाहीं हें विचारून घ्यावें, कारण बॅटरी भरत असतांना दाब तेथवर चढतो. डिजिटलची नवी पद्धतहि नोव्हेंबर २०१७ मधील परवानगीनंतर केंद्रांनीं ऐच्छिक रीतीनें सुरू केली आहे. पहिल्या डिजिटल पिढीचा संच ती वाचूं शकत नाहीं, हेंहि खरेदीच्या वेळीं ध्यानांत असावें.

छताला नवें भोंक पाडण्यापूर्वीं मात्र दहादां विचार करावा. मोटारघराचा खरा शत्रु पाणी आहे. अँटेनाच्या बुडाशीं असलेला लेप वर्षांनीं तडकतो, थेंब-थेंब पाणी आंत जातें आणि छताखालचें लांकूड कुजून गेल्यावरच डाग दिसूं लागतो. रबरी छतावर साधें सिलिकॉन नीट धरत नाहीं. बुडाखालीं ब्युटिलची पट्टी आणि वरून त्या छतासाठीं केलेला लेप लागतो. जुना अँटेना बदलावयाचाच असेल तर त्याच भोंकावर बसणारा निवडावा.

निघतांना अँटेनाचें तोंड खुणेवर आणून मगच तो खालीं घ्यावा लागतो. तिरका उतरविला तर पंख छतावर आपटून मोडतात. आणि मुळीं उतरविलाच नाहीं तर पहिल्या झाडाच्या फांदीशीं त्याचा निकाल लागतो. यासाठीं अनुभवी मंडळी अँटेना वर चढविला कीं त्याच क्षणीं सुकाणूच्या चाकाला एक लाल फीत बांधून ठेवतात. ती सोडल्याशिवाय गाडी हालवावयाची नाहीं, असा त्यांचा नेम असतो.