लेव्हल वाढली, पण पत वाढली का? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या बढतीचा हिशोब

मोबाईलवर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी ‘लेव्हल वाढली’ हा शब्द रोजचा झालाय. पण गुण जमवून पात्राने एकेक पायरी वर चढायची, ही पद्धत रुळली ती मोबाईलच्या कितीतरी आधी, कागद, पेन्सिल आणि फाशांवर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला.

खेळ साधा आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण खेळ चालवतो. भुयार, राक्षस, गावकरी सगळं तोच सांभाळतो. बोलत बोलत गोष्ट पुढे सरकते आणि अडलं तिथे फासे टाकतात. यात शेवटी कुणी जिंकत नाही. मग पुढे गेलो हे मोजायचं कसं? त्यासाठी अनुभवाचे गुण.

गुण कशाचे मिळतात?

सगळी मेख इथेच आहे. जुन्या नियमांत सोन्याचं एक नाणं भुयारातून सुखरूप बाहेर आणलं की एक गुण मिळायचा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला जायला योद्ध्याला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५०० आणि चोराला १,२००. एक ऑर्क मारला तर मात्र फक्त १० गुण, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे नुसत्या मारामारीवर वर जायचं तर योद्ध्याने एकट्याने २०० ऑर्क मारायला हवेत! साहजिकच हुशार खेळाडू राक्षसाला चुकवून पेटी उचलायचे.

पुढे हिशोब बदलला. १९८९ च्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुण मुख्यतः शत्रूवर मात केल्याचे. जिथे गुण, तिथे खेळाडूचं लक्ष. लढाईला आपोआप महत्त्व आलं. २०१४ च्या आवृत्तीत आणखी एक वाट दिली आहे. गुण मोजायचेच नाहीत, गोष्टीतला मोठा टप्पा पार झाला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढवायची.

१९७८ च्या ‘रुनक्वेस्ट’ने तर लेव्हलच काढून टाकली. जे कौशल्य यशस्वीपणे वापरलं, त्याच्यापुढे खूण करायची. नंतर शंभराचा फासा टाकायचा. आकडा आपल्या सध्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त आला तरच ते कौशल्य वाढतं. तलवारीत ३० टक्के असलेला भराभर शिकतो, ९० टक्केवाला क्वचितच.

मान ही वेगळी गोष्ट

लेव्हल हे भांडवल म्हटलं, तर मान म्हणजे बाजारातली पत. जुन्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने दोन्ही एकत्र बांधलं होतं. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याला ‘व्हेटरन’ म्हणायचे, चौथ्याला ‘हिरो’, नवव्याला ‘लॉर्ड’. १९७८ च्या नियमपुस्तकात लॉर्डला गढी बांधून आसपासचा मुलूख ताब्यात घेता येतो आणि तिथल्या रहिवाशांकडून दरमहा माणशी ७ चांदीची नाणी महसूल मिळतो. अर्थात नुसती जमा नाही. आधी मुलूख राक्षसांपासून मोकळा करायचा, मग शिपायांचे पगार चालू.

त्याच पुस्तकात ड्रुइड या निसर्गपूजक पंथाचा नियम आणखी कडक आहे. वरच्या जागा मोजक्याच: बाराव्या लेव्हलला नऊ जण, तेराव्याला तीन आणि चौदाव्याला एकच ‘ग्रेट ड्रुइड’. गुण पुरेसे झाले तरी जागा रिकामी नसेल तर वर बसलेल्याला द्वंद्वात हरवावं लागतं. हरलात तर लेव्हल खाली येते. पात्रता आहे, पण जागा नाही. नोकरीत बढतीची वाट बघणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये बढतीला शिकवणीची फीसुद्धा आहे: आठवड्याला लेव्हल गुणिले १,५०० सोन्याची नाणी. आठवडे एक ते चार, आणि किती ते खेळ चालवणारा तुमची कामगिरी पाहून ठरवणार. वाईट खेळलेल्या पहिल्या लेव्हलच्या पात्राचं बिल ६,००० वर जातं. बढतीला जेमतेम दोन हजार गुण लागतात. तेवढंच सोनं हाती असेल तर बाकीचं आणायचं कुठून?

इतर खेळांनी मान वेगळा मोजला. ‘पेंड्रॅगन’ हा १९८५ चा खेळ राजा आर्थरच्या सरदारांचा. त्यात ‘ग्लोरी’ म्हणजे कीर्ती जमवायची. बाप गेल्यावर मुलगा पुढे खेळतो तेव्हा बापाच्या कीर्तीचा दहावा हिस्सा त्याला वारसाने मिळतो. ‘वॉरहॅमर’च्या चौथ्या आवृत्तीत समाजाचे तीन थर आहेत: पितळ, चांदी, सोनं. वरच्या थरात टिकायचं तर तसा खर्चही करावा लागतो. थाट उतरला की मानही उतरला.

सुरू करण्याआधी

घरात किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर हा खेळ मांडणार असाल तर पहिल्या दिवशी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून ठरवा: आपल्याकडे गुण कशाचे? सोन्याला दिलेत तर मंडळी शोध घेतील, मारण्याला दिलेत तर मारत सुटतील, दिलेला शब्द पाळण्याला दिलेत तर शब्द पाळतील. आणि गावाला वाचवून आलेल्या पात्राला गावातला वाणी अजून उधार देत नसेल, तर त्याची लेव्हल नुसती वहीत वाढली समजा. खेळ चालवणाऱ्याने तेवढं लक्षात ठेवावं.