जुनी रायफल, तिचा मालक आणि कायद्याचा कागद

अमेरिकेत शिकारीची जुनी रायफल विकत घ्यायची झाली तर दोन परीक्षा होतात. एक रायफलीची, दुसरी घेणाऱ्याची. पहिली परीक्षा जाणकार गिऱ्हाईक घेतो, दुसरी कायदा घेतो. आम्ही वकिली करतो, म्हणून आम्हाला दुसरीत अधिक रस. परंतु वस्तू समजल्याशिवाय तिचा कायदा समजत नाही, म्हणून आधी वस्तूकडे पाहू.

रेमिंग्टन मॉडेल ८ ही रायफल घ्या. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने तिची रचना केली आणि १९०० साली पेटंट मिळवले. १९०६ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ती बाजारात आणली. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर टाकणे आणि नवे चढवणे हे काम रायफल स्वतः करते. गोळी सुटताच नळी आणि बोल्ट एकत्र मागे जातात, स्प्रिंग नळीला पुढे आणते आणि मागून बोल्ट नवे काडतूस घेऊन येतो. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. तिच्यात पाच काडतुसांचे पक्के बसवलेले मॅगझिन असे. हरणाच्या आणि अस्वलाच्या शिकारीसाठी ती खपली. १९३६ पर्यंत सुमारे ८० हजार रायफली निघाल्या. त्यानंतर आलेले मॉडेल ८१ हे १९५० पर्यंत चालले. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने याच रचनेची जी रायफल काढली, ती पाच हजारही भरली नाही. म्हणून आज ती फार दुर्मिळ आहे.

अशी रायफल घेणारा शहाणा माणूस तिच्या चकाकीला भुलत नाही. उलट, नव्याने काळी केलेली नळी पाहिली की तो भाव पाडतो, कारण मूळ पॉलिश गेले की किंमतही गेली. दुर्बीण बसवण्यासाठी कोणी मागाहून भोके पाडली आहेत काय, लाकडी दस्ता तडकला आहे काय, आतल्या स्प्रिंगा थकल्या आहेत काय, हे तो तपासतो. सर्वात महत्त्वाचे म्हणजे काडतूस. पॉइंट ३५ रेमिंग्टन हे काडतूस कारखान्यातून आजही निघते. पॉइंट २५, ३० आणि ३२ रेमिंग्टन यांचे नेहमीचे उत्पादन केव्हाच थांबले. तेव्हा ज्याच्याजवळ काडतुसे स्वतः भरण्याची विद्या नाही, त्याच्या घरी ती रायफल भिंतीवरची शोभाच ठरते.

आता दुसरी परीक्षा. ही रायफल नवी होती तेव्हा अमेरिकेत ती टपालाने घरी मागवता येत असे. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून टपालाने मागवलेल्या रायफलीने झाला. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले आणि त्याच वर्षी बंदूक नियंत्रणाचा केंद्रीय कायदा आला. टपालाचा धंदा बंद झाला. दुसऱ्या राज्यातली बंदूक परवानाधारक दुकानदारामार्फतच घ्यावी, असे ठरले. १९९८ पासून दुकानदाराने गिऱ्हाइकाची गुन्हेनोंद तपासणे बंधनकारक झाले. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांच्या संग्राहकाला वेगळा परवाना मिळतो. परंतु एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांच्या व्यवहारात केंद्रीय कायदा अशी तपासणी मागत नाही. काही राज्ये मागतात, अनेक मागत नाहीत. म्हणजे दुकानात जी रायफल कागदाशिवाय मिळत नाही, ती शेजाऱ्याच्या अंगणात नुसत्या हातावर पैसे ठेवून मिळू शकते!

हे कायदे कागदावर सर्वांना सारखे आहेत. इतिहास मात्र सारखा नाही. गुलामगिरी संपताच १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये. गोऱ्याला अशी अट नव्हती. १८७३ मध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, शस्त्र बाळगण्याचा घटनादत्त हक्क केवळ केंद्रीय सत्तेला बांधतो. खासगी जमावाने तो हिरावला तर केंद्राचा कायदा मदतीला येणार नाही. आरोपी सुटले. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा त्यांनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता कायद्याच्या परीक्षेत नापास आणि बॉम्ब टाकणाऱ्यांच्या घरी बंदुका! यावरून काय दिसते? परवान्याचा प्रश्न हा शस्त्राचा प्रश्न असतोच, पण त्याआधी राज्यसत्ता कोणावर विश्वास ठेवते याचा प्रश्न असतो.

आपल्या देशातही हे नवे नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना नियमांतून सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. परंतु कर्नाटकातील कोडवा समाजाची इंग्रजांच्या काळापासूनची परवानामाफी चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. जन्माने मिळणारी सूट समतेच्या तत्त्वात कशी बसते, हा प्रश्न आम्ही कायद्याचे विद्यार्थी म्हणून विचारतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफली नियमावलीतील कडक वर्गात आहेत. तेव्हा मॉडेल ८ सारखी रायफल आपल्या वस्तीत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि ती यावी असे आम्हाला वाटतही नाही. बंदूक ही आमच्या मुक्तीची वाट नव्हे.

परंतु ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक आधीच आहे, त्यांचे काय? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ३ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. जिथे अत्याचाराची शक्यता आहे तो भाग राज्य शासनाने निश्चित करावा; आवश्यक वाटल्यास बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातलगांचे आणि नोकरांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत; बेकायदा शस्त्रे जप्त करावीत; आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे हा नियम सांगतो. आम्ही अनेक गावांत गेलो. या नियमाचे नाव घेतले की टेबलापलीकडचा अधिकारी आधी दचकतो आणि मग फाइल बाजूला सरकवतो. कारण कोणी लेखी मागतच नाही!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गावात तणाव दिसताच नियम ३ चा हवाला देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, गावातील परवान्यांचा आढावा मागा, शस्त्रे जमा करण्याची मागणी करा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्या. रक्त सांडल्यावर पंचनाम्याला धावण्यापेक्षा आधीच दिलेला एक कागद अधिक उपयोगाचा असतो.