रोजचे एक वचन आणि कैद्याचा आनंद

वसईच्या वाडीतील घर असो, पुण्यातील सदनिका असो वा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एखादे खेडे. अनेक ख्रिस्ती कुटुंबांत दिवसाची सुरुवात एका छोट्या पुस्तिकेने होते. पानाच्या माथ्यावर तारीख, तिच्याखाली बायबलमधील एक वचन, त्यावर पंधरा-वीस ओळींचे मनन आणि अखेरीस दोन ओळींची प्रार्थना. वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत. विषयही बहुतेक ठरलेले असतात: नम्रता, आनंद, क्षमा, सहनशीलता, जिभेवरचा ताबा. बाहेरच्या वाचकाला हे लेखन शाळेच्या फळ्यावरील सुविचारासारखे गुळगुळीत वाटण्याचा संभव आहे, आणि त्यातील काही तसे असतेही. मात्र ज्या वचनांवर ही मनने उभी असतात, ती मुळात गुळगुळीत नाहीत. त्यातील आनंदाविषयीचे सर्वांत परिचित पत्र एका कैद्याने लिहिलेले आहे, आणि नम्रता हा सद्गुण ज्या ग्रीक शब्दातून आला, तो त्या काळी बहुधा तुच्छतेनेच उच्चारला जात असे.

रोज एक वचन घेण्याच्या प्रथेला निश्चित इतिहास आहे. मोराविया प्रांतातून धार्मिक छळामुळे पळालेल्या निर्वासितांना झिन्झेनडॉर्फ या सरदाराने 1722 पासून जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या आपल्या जहागिरीत आसरा दिला. तेथे हर्नहूट हे गाव वसले. 3 मे 1728 रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी झिन्झेनडॉर्फने जमलेल्या लोकांना दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले आणि पुढे ते रोज घरोघरी पोहोचवले जाऊ लागले. 1731 साली ही वचने वर्षभरासाठी प्रथम छापली गेली. तेव्हापासून ती दरवर्षी निघत आहेत आणि आज पन्नासहून अधिक भाषांत वाचली जातात. जुन्या करारातील वचन आजही चिठ्ठी काढूनच ठरते. त्याला अनुरूप असे नव्या करारातील वचन नंतर निवडले जाते. आवडीचे वचन तेवढे वाचावे आणि बोचणारे टाळावे, ही सवड वाचकाला मिळत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय.

कॅथलिक परंपरेत हेच काम चर्चचे वाचनपत्रक करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 मध्ये नवी रचना आली. तीनुसार रविवारच्या मिस्सेची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्राने येतात. एकाच दिवशी जगभर सारखाच उतारा वाचला जातो, तो यामुळे.

इंग्रजीतील या प्रकारचे बहुधा सर्वाधिक ख्यातनाम पुस्तक ऑस्वल्ड चेंबर्स यांच्या नावावर आहे. मौज अशी की, ते त्यांनी लिहिलेच नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांमध्ये काम करीत असताना 1917 साली कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी गर्ट्रूड लघुलेखनात निष्णात होती. पतीची प्रवचने तिने शब्दशः टिपून ठेवली होती. त्या वह्यांतून तिने वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक मनन सिद्ध केले आणि 1927 मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर तिचे नाव नाही. प्रस्तावनेखाली केवळ ‘बी. सी.’ ही आद्याक्षरे आहेत. नम्रतेवरील पुष्कळ मननांपेक्षा ही दोन अक्षरे अधिक बोलकी म्हणावी लागतील.

सुटे वचन, तुटलेला संदर्भ

या पद्धतीत एक धोकाही आहे. वचन पत्रातून उचलून स्वतंत्र चौकटीत बसवले की, त्याचा अर्थ हवा तसा वळवता येतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन याचे ठळक उदाहरण आहे. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर आपण सर्व काही करू शकतो, असा त्याचा आशय. परीक्षा, नोकरीची मुलाखत, क्रिकेटचा सामना अशा सर्व प्रसंगी ते यशाचा मंत्र म्हणून वापरले जाते. वास्तविक त्याच्या आधीच्या दोन वचनांत प्रेषित पौल उपासमार आणि भरपूर अन्न, तंगी आणि समृद्धी या दोन्ही अवस्थांत समाधानाने राहण्यास आपण शिकलो, असे सांगतो. म्हणजे हे वचन जिंकण्याविषयी नसून उपाशीपोटी टिकून राहण्याविषयी आहे. चांगले मनन आणि सुमार मनन यांतील फरक बहुधा येथेच पडतो: लेखकाने मागची दोन वचने वाचली आहेत की नाहीत?

हे पत्र मुळातूनच वाचण्याजोगे आहे. चार अध्याय आणि एकशे चार वचने, एवढाच त्याचा विस्तार. पौल ते बेड्यांत असताना लिहीत होता. तुरुंग रोममधला, इफिससमधला की कैसरियातला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण खटल्याचा निकाल मृत्युदंडाचा असू शकतो याची जाणीव पहिल्याच अध्यायात स्पष्ट दिसते. तरीही आनंद आणि आनंद करणे या अर्थाचे ग्रीक शब्द या छोट्या पत्रात सोळा वेळा येतात. नाताळपूर्वीच्या आगमनकाळातील तिसऱ्या रविवारी कॅथलिक धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र परिधान करू शकतात. त्या ‘आनंदाच्या रविवारा’चे लॅटिन नाव याच पत्रातून आले आहे.

नम्रता कोणाकडून?

फिलिप्पै हे मासेदोनियातील शहर रोमन वसाहत होते. ख्रिस्तपूर्व 42 मध्ये तेथे झालेल्या लढाईनंतर निवृत्त रोमन सैनिकांना तेथे जमिनी देण्यात आल्या. नागरिकत्व, हुद्दा आणि मानमरातब यांचा अभिमान शहराच्या हाडीमासी खिळलेला होता. अशा ठिकाणी ‘लीन मनाचे व्हा’ या अर्थाचा उपदेश विचित्रच वाटला असणार. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द खालच्या दर्जाचा, गुलामी वृत्तीचा, अशा अर्थाकडे झुकणारा होता. पौलाने तो उचलला आणि त्यापुढे ख्रिस्ताचे उदाहरण ठेवले: जो देवाच्या बरोबरीचा असूनही ते स्थान धरून न ठेवता दासाच्या रूपात उतरला आणि क्रूसावर मेला. क्रूसाची शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी असे. रोमन नागरिकाला ती सहसा दिली जात नसे. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आणणारे असे हे उदाहरण होते.

येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. या वर्णनातील नम्रता वरून खाली येते. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने तो सोडावा, असे तिचे स्वरूप आहे. जो आधीच वाकवला गेला आहे, त्याने आणखी वाकावे, असे त्यात कोठेही नाही. महाराष्ट्रात हा भेद केवळ तात्त्विक नाही. अहमदनगर परिसरात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोक मोठ्या संख्येने होते. पिढ्यानपिढ्या मान खाली घालून जगणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना नम्रतेचे धडे देणे क्रूर ठरले असते. त्यांच्यासाठी याच शास्त्रातील वेगळे वचन हवे होते: मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, हे.

नम्रतेची परीक्षा होती ती दुसऱ्या बाजूची. कवी नारायण वामन टिळक हे चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ते अकारण नव्हते. मोठेपण टाकून लहानपण मागणारी वाणी मराठी मनाला वारकरी संतांनी आधीच परिचित करून दिली होती. ‘दीन’, ‘लीन’, ‘सौम्य’ हे मराठी बायबलमधील शब्द मराठी कानांना परके वाटत नाहीत, त्याचे हेही एक कारण. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपले सोवळेओवळे कसे सुटत गेले, याची हकिकत मोकळेपणाने, स्वतःची थट्टा करीत सांगितली आहे. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिण्यापर्यंतचा तो प्रवास म्हणजे नम्रतेवरील मराठीतले एक उत्कृष्ट मननच आहे, जरी लेखिकेने त्याला तसे नाव दिलेले नाही.

पंडिता रमाबाईंनीही असेच काहीसे केले. संस्कृतवरील प्रभुत्वासाठी देशभर गाजलेल्या या विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली, आणि तेही कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशा साध्या भाषेत. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांच्या हातून छपाईचे काम होऊन 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्यामागेही सर्वसामान्य वाचकच होता.

शेवटच्या दिवसाचे वचन

अशा वाचनाने माणसाचे शील खरोखर घडते का, हा प्रश्न रास्त आहे. सरसकट उत्तर देणे अवघड. पण डिट्रिश बॉनहोफर यांचे उदाहरण टाळता येत नाही. हे जर्मन धर्मशास्त्रज्ञ जून 1939 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते सुरक्षित होते. मन मात्र अस्वस्थ होते. हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर, असे पौल तीमथ्याला सांगतो, ते वचन 26 जूनला योगायोगाने त्यांच्या वाचनात आले, आणि ते दिवसभर मनात घोळत राहिल्याची नोंद त्यांच्या दैनंदिनीत आहे. मूळ वचन एका वृद्ध कैद्याच्या एकटेपणाविषयी आहे, जर्मनीविषयी नव्हे. बॉनहोफर यांना ते ठाऊक होतेच. जुलैमध्ये ते परतीच्या जहाजावर होते. हिटलरविरोधी कटाशी संबंध असलेल्या बॉनहोफर यांना एप्रिल 1943 मध्ये अटक झाली. कोठडीतही हर्नहूटची रोजची वचने त्यांच्या सोबतीला होती.

8 एप्रिल 1945 हा रविवार होता. सहबंदिवानांच्या आग्रहावरून त्यांनी छोटी उपासना घेतली आणि त्या दिवसासाठी नेमलेल्या वचनांवर ते बोलले: एक यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील, दुसरे पेत्राच्या पहिल्या पत्रातील. उपासना संपते न संपते तोच पहारेकरी त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले.

अर्थात, रोजची पुस्तिका उघडणाऱ्या बहुतेकांपुढे फाशीचा तख्ता नसतो. जावेशी अबोला, कार्यालयातील कुरघोडी, सोसायटीच्या सभेतील मानापमान, एवढाच त्यांचा रणांगणाचा विस्तार. पौलाच्या पत्रालाही ही पातळी वर्ज्य नाही. दासरूपी ख्रिस्ताच्या त्या उत्तुंग वर्णनानंतर दोन अध्यायांनी तो अगदी घरगुती विषयावर येतो. फिलिप्पै येथील मंडळीत युवदिया आणि सुंतुखे या दोन कर्तबगार स्त्रियांचे पटत नव्हते. पौल कोणाचीही बाजू घेत नाही. दोघींना वेगवेगळी विनंती करतो, दोघींनी आपल्याबरोबर केलेल्या श्रमांची आठवण देतो आणि त्यांना साहाय्य करण्यास एका सहकाऱ्याला सांगतो. आनंद करा, हा त्याचा प्रसिद्ध उपदेश त्यानंतर लगेचच, पुढच्याच वचनात येतो. त्या दोघींचा समेट झाला की नाही, हे मात्र पत्रात नाही.