क्यूच्या टोकावरचं पांढरं

पूलच्या क्यूला टिपखाली असलेलं ते बोटाच्या पेराएवढं पांढरं नळकांडं बघितलंय? तेच फेरूल. टिपवरच्या दणक्याने लाकूड चिरू नये म्हणून बसवतात. पूर्वी ते हस्तिदंताचं असायचं. कोरड्या हवेत तडकायचंही. आता ‘डिट्टो हस्तिदंत’ म्हणून एल्फोरिन, जुमा मिळतं. दिसायला झकास, खिशाला जड. पण तुम्ही साईड देऊन मारताय ना? मग क्यूचं टोक जितकं जड, तितका पांढरा बॉल रेषेतून जास्त सरकणार. तिथे रूपाला कोण विचारतं! एबीएस हलकं आणि स्वस्त, पण मऊ. ब्रेकला दणकून मारत असाल, तर लिनन मेलामाइन बघा, चिवट असतं. आणि कुणी ‘अस्सल हस्तिदंत’ पुढे केला, तर तिथून निघाच. भारतात तो व्यापार गुन्हा आहे.